छायाचित्र बाद का ठरते? : स्पर्धेतील विभागांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड-लातूरकडच्या होतकरू छायाचित्रकारांना विषयांची वाण नाही. माळेगावची यात्रा, सहस्रकुंडचा धबधबा, खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला, हजूर साहिबचे सोहळे असे सारे वैभव दारापाशी असताना एखादी सुरेख प्रवेशिका स्पर्धेत बाद झाली, म्हणजे परीक्षकांच्या अभिरुचीविषयी तक्रार करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा, की हे चित्र आपण योग्य विभागात दाखल केले होते काय? विभाग म्हणजे संयोजकांच्या दफ्तराच्या सोयीची वर्गवारी, अशी जी समजूत रूढ आहे, तीच पुढील बहुतेक गैरसमजांचे मूळ होय. वास्तविक प्रत्येक विभाग म्हणजे पाहणाऱ्यास दिलेले एक वचन असते आणि ते पाळले गेले आहे की नाही याची शहानिशा झाल्यावरच सौंदर्याचा विचार सुरू होतो. भारतातील मान्यताप्राप्त सलॉन, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शने, सामान्यतः १९५० साली स्थापन झालेल्या ‘फियाप’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आणि अमेरिकेतील ‘पीएसए’ या संस्थेच्या व्याख्या प्रमाण मानतात. म्हणून येथे त्याच आधारास धरल्या आहेत.

गैरसमज : चित्रात प्राणी किंवा फूल असले, की ते निसर्ग विभागास पात्र.

वस्तुस्थिती : फियाप, पीएसए आणि ब्रिटनमधील रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१४ साली एकमताने ठरविलेल्या व्याख्येनुसार पाळीव जनावरे, लागवडीची झाडे, मानवनिर्मित संकरित वनस्पती आणि पेंढा भरलेले प्राणी निसर्ग विभागातून वगळलेले आहेत, त्यामुळे लाल कंधारी वळू किंवा देवणी गाय कितीही देखणी असली, तरी तिचे स्थान खुल्या विभागात आहे, निसर्गात नाही. उलटपक्षी, मानवी बांधकाम चौकटीत आले म्हणून चित्र आपोआप अपात्र होते, हेही खरे नव्हे. कंधारच्या किल्ल्यातील एखाद्या कोनाड्यात गव्हाणी घुबड वसले असेल, तर तो कोनाडा त्या पक्ष्याच्या जीवनकथेचाच अंश असल्यामुळे व्याख्येस मान्य आहे. वन्यजीव विभागाची अट याहून कडक असून तेथे प्राणी मुक्त आणि अनिर्बंध असावा लागतो, अर्थात प्राणिसंग्रहालयातील वाघास तेथे प्रवेश नाही.

गैरसमज : संगणकावर चित्रास हात लावला, की ते बाद.

वस्तुस्थिती : प्रश्न हात लावण्याचा नाही, काय बदलले याचा आहे. तुरीच्या शेतात पिसारा फुलवून उभ्या राहिलेल्या मोराच्या मागे विजेची तार आली असेल, तर चौकट कापून ती तार बाहेर ठेवण्याची मुभा आहे. प्रकाश-छाया कमीअधिक करणे, संवेदकावरील धुळीचे ठिपके पुसणे आणि रंगीत चित्राचे कृष्णधवल करणे हेही निसर्ग विभागास मंजूर आहे. परंतु तीच तार पुसून तेथे आकाश रंगविले, किंवा एका मोराचे दोन केले, तर तो व्याख्येचा उघड भंग ठरतो. ज्यास अशी कल्पक रचना करावयाची आहे, त्याच्यासाठी खुला विभाग आहे, आणि तेथे हेच कसब गुण ठरू शकते.

गैरसमज : रंग काढून टाकला, की चित्र कृष्णधवल.

वस्तुस्थिती : संपूर्ण चित्रास तपकिरी किंवा निळी अशी एकच छटा दिली, तरी फियापच्या मते ते एकरंगीच राहते, मात्र माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील चित्र करड्या छटांत ठेवून त्यातील भंडाऱ्याचा पिवळा तेवढा राखला, तर ते रंगीत विभागाचे होते आणि कृष्णधवल विभागात बाद ठरते.

गैरसमज : प्रसंग खरा असला, की त्यातील माणसांना हवे तसे उभे करण्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती : नांदेडच्या होला महल्ला या शीख उत्सवात घोड्यावरून दौडणारा निहंग शीख जसा दिसला तसा टिपला, तर ते चित्र प्रवास विभागात शोभते, पण त्याच पोशाखातील माणसास मोबदला देऊन दुसऱ्या दिवशी घाटावर दौडविले, तर ते दृश्य छायाचित्रासाठी योजलेले ठरते, आणि पीएसएच्या प्रवास व वृत्तछायाचित्र या दोन्ही विभागांस असे योजलेले दृश्य वर्ज्य आहे.

गैरसमज : कॅमेऱ्याची कळ मी दाबली, म्हणून चित्रावरील सर्व हक्क माझेच.

वस्तुस्थिती : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र काढणारा हाच त्याचा कर्ता, परंतु कलम १७ प्रमाणे मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. स्टुडिओ चालविणाऱ्या व्यावसायिकाने लग्नातील एखादे उत्कृष्ट चित्र स्पर्धेत धाडण्यापूर्वी यजमानांची लेखी संमती घेणे अगत्याचे आहे, ते याच कारणाने. 

गैरसमज : जुने चित्र स्पर्धेत चालत नाही.

वस्तुस्थिती : हेही सरसकट खरे नाही. भारत २०१२ साली प्रथम ज्यात उतरला त्या ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या स्मारकांच्या स्पर्धेत चित्र केव्हा काढले यास महत्त्व नसते, ते स्वतः काढलेले असावे आणि मुदतीत दाखल व्हावे अशी अपेक्षा असते.

गैरसमज : एवढी तपासणी कोण करतो?

वस्तुस्थिती : लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेत २००९ साली सर्वोच्च ठरलेले, फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे चित्र, तो लांडगा बहुधा माणसाळलेला असल्याच्या निष्कर्षावरून जानेवारी २०१० मध्ये बाद झाले, त्याच स्पर्धेतील मुंगीखाऊचे एक पारितोषिकप्राप्त चित्र २०१८ साली, प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिल्यावर, रद्द करण्यात आले. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने २०१५ साली मूळ फायली मागवून ताडून पाहिल्या, तेव्हा अंतिमपूर्व फेरीतील सुमारे २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे गळाल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत तर दोन्ही दिशांचे दाखले आहेत : २०२३ साली बोरिस एल्डागसन यांनी सोनी पुरस्कार मिळाल्यावर आपले चित्र यंत्रनिर्मित असल्याचे सांगून तो नाकारला, आणि २०२४ साली माइल्स अस्ट्रे यांचे फ्लेमिंगोचे अस्सल छायाचित्र यंत्रनिर्मित चित्रांच्या विभागात बक्षीस मिळवून, केवळ खरे असल्यामुळे, बाद झाले. अस्सल चित्रही चुकीच्या विभागात अपात्रच असते, हे याहून स्पष्ट कोणत्या उदाहरणाने व्हावे?

तात्पर्य, चित्र धाडण्यापूर्वी त्या वर्षाची नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचावी, कारण प्रत्येक स्पर्धेच्या शर्ती निराळ्या असतात. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल पुराव्यादाखल जपून ठेवावी. स्थळ आणि तारीख यांची नोंद त्याच दिवशी करावी. आणि विभागाविषयी यत्किंचितही संदेह राहिल्यास संयोजकांस लेखी विचारावे. मराठवाड्यातील मुलामुलींची चित्रे जगभरच्या भिंतींवर लागावीत अशी ज्यांची मनःपूर्वक इच्छा आहे, त्यांनी त्यांना छिद्रमान आणि प्रकाशवेळ यांच्या बरोबरीने या व्याख्याही शिकवाव्यात, म्हणजे त्यांची मेहनत परीक्षकांपुढे येण्यापूर्वीच वाया जाणार नाही.