शपथ नको, शब्द पुरे: रॉबर्ट बॉईल आणि संशोधनातलं खरं बोलणं

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करताय म्हणजे 'संशोधनातली नैतिकता' हा भाग तुम्ही वाचला असेलच. फॅब्रिकेशन म्हणजे काय, फॉल्सिफिकेशन म्हणजे काय, प्लेजियरिझम किती टक्क्यांपर्यंत चालतं. व्याख्या पाठ होतात, मार्कही मिळतात. पण या व्याख्यांच्या मुळाशी खरं बोलण्याची एक साधी, जुनी सवय आहे आणि तिच्याबद्दल कोर्सवर्कमध्ये फारसं बोललं जात नाही.

ती सवय समजून घ्यायला आपण एका ओळखीच्या माणसाकडे जाऊ. तापमान स्थिर असेल तर वायूचा दाब आणि आकारमान एकमेकांच्या व्यस्त प्रमाणात असतात, हा नियम तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो रॉबर्ट बॉईल (१६२७–१६९१). तो रसायनशास्त्रज्ञ होता, तसाच मनापासून श्रद्धाळू ख्रिस्ती होता. माझं म्हणणं असं आहे की त्याचा धर्म आणि त्याची प्रयोगवही यांना जोडणारा एक धागा आहे. बोललेल्या शब्दाची जबाबदारी, हा तो धागा. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा किंवा कुठलाच धर्म मानत नसा, संशोधनात उतरणार असाल तर हा धागा तुमच्या कामाचा आहे.

अध्यक्षपद नाकारलं, कारण शपथ

३० नोव्हेंबर १६८० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने बॉईलला अध्यक्ष म्हणून निवडलं. विज्ञानाच्या जगात याहून मोठा मान त्या काळी क्वचितच असेल. बॉईलने तो घेतला नाही. डिसेंबरमध्ये त्याने रॉबर्ट हुकला पत्र लिहून कारण कळवलं: या पदासाठी शपथ घ्यावी लागते, आणि शपथेच्या बाबतीत माझं मन फार हळवं आहे. शेवटी अध्यक्षपद ख्रिस्तोफर रेनकडे गेलं.

आपल्याला हे विचित्र वाटेल. शपथच तर घ्यायची होती, त्यात काय एवढं?

यामागे बायबलमधली एक शिकवण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, डोंगरावरचं प्रवचन येतं. तिथे येशू शपथांविषयी बोलतो. आकाशाची, पृथ्वीची, स्वतःच्या डोक्याची, कशाचीच शपथ वाहू नका; हो म्हणायचं असेल तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा, असा त्याचा आशय. याकोबाच्या पत्रातही हीच गोष्ट पुन्हा येते.

यामागचा विचार नीट बघा. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कोणी म्हणतं, "आईशप्पथ, बॅट लागली नव्हती!" हे ऐकल्यावर मनात पहिला प्रश्न येतो: म्हणजे शप्पथ न घालता तू जे बोलतोस त्याचं काय? शपथ घेतली की बोलण्याचे दोन वर्ग पडतात, पक्कं बोलणं आणि चालवून घ्यायचं बोलणं. प्रवचनाचा रोख या दुसऱ्या वर्गावर आहे. तो वर्ग नसावाच. प्रत्येक वाक्य असं असावं की त्याला वेगळ्या शिक्क्याची गरज पडू नये.

ख्रिस्ती लोकांमध्ये या शिकवणीचे अर्थ वेगवेगळे लावले गेले. क्वेकर पंथाच्या लोकांनी ती शब्दशः घेतली, कोर्टातही शपथ नाकारली आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. चर्च ऑफ इंग्लंडची भूमिका मवाळ होती. त्यांच्या ३९ कलमांपैकी शेवटचं कलम सांगतं की उठसूट शपथा खाणं वाईट, पण न्यायाधिकाऱ्याने मागितली तर खऱ्या कामासाठी शपथ घ्यायला हरकत नाही. बॉईल याच चर्चचा होता, म्हणजे त्याला पळवाट उपलब्ध होती. तरीही तो थबकला, कारण त्याच्या लेखी शपथ ही औपचारिकता नव्हती. तोंडी लावायला शपथा खाण्याच्या सवयीविरुद्ध त्याने तरुणपणी एक निबंध लिहिला होता. तो त्याच्या मृत्यूनंतर, १६९५ मध्ये छापला गेला.

हीच सवय प्रयोगशाळेत कशी दिसते?

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असं सांगते. आता विचार करा, प्रयोगाचा अहवाल म्हणजे काय? साक्षच. "मी हे केलं, मला हे दिसलं." वाचणारा तिथे हजर नसतो. गंमत म्हणजे रॉयल सोसायटीच्या ब्रीदवाक्याचा अर्थच असा की कोणाच्याही शब्दावर विसंबू नका. पण प्रत्येक प्रयोग प्रत्येकाला पुन्हा करून बघता येत नाही. कधीतरी कोणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवावाच लागतो. मग तो शब्द कसा असावा? बॉईलच्या लिखाणात याची चार उत्तरं सापडतात.

पहिलं, 'कदाचित' हा शब्द. १६६१ मध्ये आलेल्या त्याच्या निबंधसंग्रहाच्या प्रास्ताविकात तो सांगतो की मी 'कदाचित', 'असं वाटतं', 'हे अशक्य नाही' असे शब्द वारंवार वापरतो आणि ते मुद्दाम वापरतो. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तो ठामपणे सांगतो. तिचं कारण सांगताना आवाज खाली आणतो. तुमच्या थीसिसमध्ये 'रिझल्ट्स' आणि 'डिस्कशन' अशी दोन वेगळी प्रकरणं असतात ना, त्यामागे हाच भेद आहे. काय दिसलं ते एकीकडे, त्यावरून मला काय वाटतं ते दुसरीकडे.

दुसरं, फसलेले प्रयोग. त्याच संग्रहात प्रयोग यशस्वी का होत नाहीत यावर दोन स्वतंत्र निबंध आहेत. एकाच नावाने विकली जाणारी रसायनं वेगवेगळ्या ठिकाणची असली की वेगळी वागतात, मालात भेसळ असते, एकदा जमलेलं पुन्हा जमेलच असं नाही, हे सगळं तो लिहितो. (केमिकलची बॅच बदलली आणि रिझल्टही बदलला, हे दुखणं साडेतीनशे वर्षं जुनं आहे!) १६६० च्या पुस्तकातला संगमरवराचा प्रयोग बघा. दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर ठेवल्या की घट्ट चिकटतात. बॉईलचं म्हणणं होतं की हे हवेच्या दाबामुळे घडतं. मग हवा काढून घेतलेल्या पात्रात खालची चकती गळून पडायला हवी. पडली नाही! पात्रात थोडी हवा शिल्लक राहिली असावी, असा अंदाज त्याने बांधला. पण प्रयोग गाळला नाही, फसला म्हणूनच छापला. विरोधकांच्या हातात आपण कोलीत देतोय, हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

तिसरं, शेजारचा कॉलम. १६६० च्या पुस्तकावर फ्रान्सिस्कस लायनस नावाच्या जेझुइट विद्वानाने टीका केली. हवेच्या अंगात एवढा पारा तोलून धरण्याचा जोर नाही, असं त्याचं म्हणणं. उत्तर म्हणून बॉईलने इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली. आखूड बाजूचं तोंड बंद करून आत हवा कोंडली आणि लांब बाजूने पारा ओतत गेला. नळी इतकी उंच होती की खोलीत मावेना, म्हणून प्रयोग जिन्यात करावा लागला. त्याआधी एक नळी फुटली होती, तेही त्याने लिहून ठेवलंय.

या प्रयोगाचा तक्ता १६६२ मध्ये छापला गेला. त्यात मोजलेल्या दाबाच्या शेजारी आणखी एक कॉलम आहे: गृहीतक खरं असेल तर दाब किती यायला हवा? सुरुवातीला हवेने ४८ भाग व्यापले होते आणि दाब होता २९ २/१६ इंच पारा. हवा दाबून १२ भागांत आणली, म्हणजे एक चतुर्थांश केली, तेव्हा गृहीतकाप्रमाणे दाब ११६ ४/८ यायला हवा होता. प्रत्यक्षात आला ११७ ९/१६. फरक एक टक्क्याहून कमी. बॉईलने तो झाकला नाही, आकडे गोल करून जुळवले नाहीत. तक्त्यात बहुतेक ओळींमध्ये मोजलेला आकडा थोडा जास्तच आहे, आणि इतक्या नाजूक प्रयोगात एवढी चूक टाळणं अवघड, असं तो सांगतो. हा फरक समोर दिसतो म्हणूनच तक्ता विश्वास ठेवण्याजोगा वाटतो.

चौथं, श्रेय. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असतात ही कल्पना रिचर्ड टाउनलीची, असं बॉईलने त्याच पुस्तकात नाव घेऊन सांगितलं. नियमाला पुढे बॉईलचं नाव चिकटलं, पण त्याने स्वतः तो आपल्या नावावर लाटला नाही.

मग बॉईल अगदी आदर्श होता का?

नाही, आणि हेही सांगायला हवं. त्याच्या प्रयोगशाळेत भट्टी सांभाळणारे, पंप चालवणारे, रीडिंग घेणारे अनेक मदतनीस होते. हुकचं नाव त्याने घेतलं. १६८० च्या सुमाराच्या एका पुस्तकात प्रयोगांचा आणि लिखाणाचा मोठा भाग डेनिस पापँ याचा आहे, हेही कबूल केलं. पण बाकीचे बहुतेक जण बिननावाचेच राहिले. शिवाय बॉईल हा आयर्लंडमधल्या एका अतिश्रीमंत अर्लचा मुलगा. त्या काळी खानदानी माणसाचा शब्द सहज खरा मानला जाई, नोकराचा नाही. म्हणजे शब्दावरचा तो विश्वास सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. आज आपण तारीख टाकलेली लॅब नोटबुक, रॉ डेटा आणि लेखकांच्या योगदानाची नोंद मागतो. या सगळ्यामुळे साक्ष देणाऱ्याचं घराणं न बघता साक्षच तपासता येते.

आता तुमच्याकडे येऊ

पीएच.डी. करताना तुम्हाला बऱ्याच कागदांवर सह्या कराव्या लागतील. 'हे काम माझं स्वतःचं आहे' असं हमीपत्र थीसिसच्या सुरुवातीलाच असतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. संशोधन आणि प्रकाशनाच्या नैतिकतेचा दोन क्रेडिटचा कोर्सही आहे. हे सगळं आवश्यकच आहे.

पण सॉफ्टवेअर मोजतं ते फक्त शब्दांचं साम्य. मनाने रचलेला आलेख शून्य टक्के साम्य दाखवेल. सात रीडिंगपैकी न पटणारी दोन वगळून उरलेली पाच 'प्रातिनिधिक' म्हणून दिली, तर कुठलाही रिपोर्ट लाल होणार नाही. सुपरवायझरला हवा तोच ट्रेंड दिसतोय असं मीटिंगमध्ये पुटपुटलात, तर त्याची नोंद कुठेच राहणार नाही. हमीपत्र म्हणजे एका अर्थी शपथच. ते वर्षांच्या शेवटी एकदा येतं, आणि रीडिंग तुम्ही रोज लिहिता.

म्हणून बॉईलचा प्रश्न उलटा करून स्वतःला विचारा: माझ्याकडे सही मागितलीच नाही, तरी हे वाक्य असंच राहील का? सुरुवात लहान गोष्टींपासून करता येते. "प्रयोग तीनदा केला" असं लिहाल तेव्हा तो खरोखर तीनदा केलेला असू द्या. एखादा पेपर फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्टपुरता वाचला असेल तर "वाचलाय" म्हणू नका, "अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाहिलंय" म्हणा. एखादं रीडिंग वगळलं तर का वगळलं ते त्याच दिवशी वहीत लिहा. ज्या सीनियरने इन्स्ट्रुमेंट लावून दिलं, ज्या लॅब असिस्टंटने सॅम्पल तयार केलं, त्यांची नावं आभारात येऊ द्या. आणि गाईडने विचारलं, "झालं का?", तर नसेल झालं तर "नाही" म्हणा. "ऑलमोस्ट झालंय, सर" म्हणणं सोपं असतं हे खरं, पण पुढचा आठवडा त्या 'ऑलमोस्ट'ला खरं करण्यात जातो, आणि आकडे ओढूनताणून बसवायचा मोह नेमका त्याच आठवड्यात होतो.

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या एमएस्सीच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं एक पान काढा. जे स्वतः पाहिलं त्या वाक्यांखाली निळी रेघ मारा, ज्याचा अंदाज बांधला त्यांच्याखाली लाल. ज्या वाक्याखाली कुठली रेघ मारावी हेच कळत नाही, ते वाक्य पुन्हा लिहायला घ्या.