‘गार्डियन’ शब्दाचा अर्थ

प्रगतिपुस्तकावर इंग्रजींत ‘पेरेंट ऑर गार्डियन’ असे दोन शब्द छापलेले असतात. मराठींत त्यांच्या जागीं ‘पालकांची सही’ एवढेंच येतें. त्यामुळें पुष्कळ विद्यार्थी इंग्रजी निबंधांत आपल्या वडिलांस ‘माय गार्डियन’ म्हणतात, आणि वाचणारा इंग्रज मूल पोरकें आहे असें समजतो. पेरेंट म्हणजे जन्मदाते आईबाप. गार्डियन म्हणजे ज्याजकडे मुलाची व त्याच्या मालमत्तेची राखण सोंपविली आहे तो. कायद्याच्या भाषेंत बापही ‘नॅचरल गार्डियन’ असतो, परंतु घरगुती इंग्रजींत जिवंत बापास कोणी गार्डियन म्हणत नाहीं.

ह्या शब्दाचें कुळ मोठें मनोरंजक आहे. जर्मन वंशाच्या जुन्या भाषांत पहारा करणें ह्या अर्थाचा एक धातु होता. त्यापासून इंग्रजींत ‘वॉर्ड’, ‘वॉर्डन’ व ‘वॉर्डर’ हे शब्द झाले. तोच धातु फ्रेंच लोकांच्या तोंडीं गेला, तेथें ‘व’चा ‘ग’ झाला, आणि ‘गार्ड’ व ‘गार्डियन’ हीं त्याचीं रूपें पुन्हां इंग्रजींत आलीं. म्हणून वसतिगृहाचा वॉर्डन, तुरुंगाचा वॉर्डर, आगगाडीचा गार्ड आणि अनाथाचा गार्डियन हे सारे भाऊबंद होत. ज्याची राखण होते तें मूल ‘वॉर्ड’. आपण त्यास पाल्य म्हणतों. ‘लॉर्ड’ हा शब्दही ह्याच घराण्यांतला, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ भाकरीचा राखणदार असा होता.

आपला ‘पाल’ही असाच दुहेरी आहे. द्वारपाल दाराशीं काठी घेऊन उभा राहतो. गोपाल गाईंबरोबर रानांत जातो. गार्डियन ह्यांपैकीं कोण, हाच खरा प्रश्न आहे.

राखणदाराचा पहारेकरी कसा होतो, ह्याचें दुःखद उदाहरण आमच्या नगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत घडलें. कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजी महाराज १८७१ सालीं लहानपणींच दत्तक आले. पुढें त्यांस वेड लागलें असें ठरवून राज्यकारभार इतरांहातीं देण्यांत आला. त्यांचा छळ होतो असें छापल्याबद्दल टिळक व आगरकर ह्यांस १८८२ सालीं चार महिन्यांची शिक्षा झाली. महाराजांस नगरच्या किल्ल्यांत ठेविलें होतें. पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत २५ डिसेंबर १८८३ रोजीं, अवघ्या विसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

पुढें १८९० सालीं ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट’ झाला. कोर्टानें गार्डियन नेमतांना मुलाचें हित पाहावें, असें त्यांत सांगितलें आहे. ख्रिस्ती कुटुंबांस आजही तोच कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस आपल्याकडे ‘अज्ञान’ म्हणतात, मग ती वर्गांत पहिली कां येईना! सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ अशीं अक्षरें दिसतात तीं ‘अज्ञान पालन कर्ता’ ह्यांचीं.

हिंदूंसाठीं १९५६ सालीं निराळा कायदा झाला. त्यांत बाप ‘अँड आफ्टर हिम’ आई असा क्रम आहे. आफ्टर म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर, असें सगळे समजत. म्हणून बाप हयात असतां आईची सही पुरेशी मानीत नसत. लेखिका गीता हरिहरन ह्यांनीं मुलाच्या नांवें रोखे घेतांना ह्याच अडचणीमुळें दाद मागितली. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, आफ्टर म्हणजे ‘बापाच्या अभावीं’, आणि मुलाकडे लक्ष न देणारा बाप जिवंत असूनही अभावांतच जमा होय. एका शब्दाच्या अर्थानें आयांस मोठा आधार मिळाला.

पाथर्डीकडील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस जातात व मुलें आजीजवळ राहतात. प्रगतिपुस्तकावर आजीचा अंगठा उमटतो. आजी पेरेंट नव्हे, आणि कोर्टाच्या हुकुमावांचून कायद्याची गार्डियनही नव्हे. नातवाच्या जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा चालणार नाहीं. (तेथें बापासही जमीन विकण्यापूर्वीं कोर्टाची परवानगी लागते.) इंग्रजींत अशा आजीविषयीं लिहावयाचें झाल्यास ‘आय अॅम इन माय ग्रँडमदर्स केअर’ असें लिहावें. भाकर तीच घालते. ह्या अर्थी जुना ‘लॉर्ड’ हा शब्दही तिला शोभेल.