एनएमएमएस शिष्यवृत्ती: एका विषयाच्या भरवशावर राहू नका

तुमचे मूल सरकारी, अनुदानित किंवा नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत असेल आणि आई-वडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसेल, तर एनएमएमएस परीक्षेची माहिती करून घ्या. केंद्र सरकारची ही योजना 2008 पासून सुरू आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये थेट बँक खात्यात मिळतात. परीक्षा प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे घेते. बसण्यासाठी सातवीत 55 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सूट आहे. केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि विनाअनुदानित खासगी शाळांतील मुलांना ही योजना लागू नाही.

परीक्षा पास झाली म्हणजे चार वर्षांची सोय झाली, असे अनेक पालक धरून चालतात. तसे नाही. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी दहावीला किमान 60 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींसाठी 55). एकाच विषयात गती असलेली मुले इथे अडकतात.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तमिळनाडूतील कुंभकोणमचे. गणिती श्रीनिवास रामानुजन तिथल्या टाऊन हायस्कूलमध्ये शिकले. 1897 च्या प्राथमिक परीक्षेत इंग्रजी, तमिळ, भूगोल आणि अंकगणित हे विषय होते आणि ते जिल्ह्यात पहिले आले होते. म्हणजे बाकीचे विषय त्यांना जमत नव्हते असे नाही. 1904 मध्ये गणिताचे बक्षीस घेऊन ते शाळेतून बाहेर पडले, गावातल्याच सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाले, आणि मग गणिताशिवाय कशातच लक्ष लागेना. इतर विषयांत नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातूनही एफ.ए.ची परीक्षा सुटली नाही. 1913 मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली खरी, पण मधली वर्षे हलाखीत गेली. गणिताचे वेड सोडा, असे कोणी मुलाला सांगू नये. शिष्यवृत्तीचा नियम मात्र आज एकूण गुणांवर चालतो.

हिशेब करून पाहा. तमिळनाडूत दहावीला पाच विषय, प्रत्येकी 100 गुण. 60 टक्के म्हणजे 300. गणितात 95 आणि बाकी चारांत काठावरचे 35 मिळाले, तर बेरीज 235, म्हणजे 47 टक्के. विद्यार्थी पास, शिष्यवृत्ती बंद. गणितात पैकीच्या पैकी मिळाले तरी उरलेल्या चार विषयांत सरासरी 50 लागतातच.

निवड परीक्षेतही हेच दिसते. बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीचे 90, प्रत्येकी 90 मिनिटे. महाराष्ट्रात दुसऱ्या चाचणीत विज्ञानाचे 35, समाजशास्त्राचे 35 आणि गणिताचे फक्त 20 प्रश्न असतात. तरीही बहुतेक घरांत शिकवणी लावली जाते ती गणिताची, आणि इतिहास-भूगोलाची पुस्तके शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यापेक्षा सातवी-आठवीची समाजशास्त्राची पुस्तके आतापासून आठवड्याला एक धडा अशी वाचा आणि धड्याखालचे प्रश्न मुलाला तोंडी विचारा. त्याला शिकवणी लागत नाही. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. एका प्रश्नाला एक मिनिट मिळते, आणि गणित आवडणारी मुले एकाच उदाहरणावर पाच मिनिटे घालवतात. दोन्ही चाचण्या मिळून 40 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 32) ही पात्रतेची रेषा आहे. निवड त्यापुढे राज्याच्या कोट्यातील गुणवत्तेनुसार होते.

आठवीलाही 55 टक्के हवेत, हे विसरू नका. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ते राहिले तर चांगले गुण असूनही त्या वर्षीचे पैसे येत नाहीत. निकाल लागताच गुणपत्रिका घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि अर्जाची अंतिम तारीख विचारून घ्या.