सोलांनी खाल्लेलं तांबं

चतुर्थीला पंधरा दिवस उरले की देवबागच्या आमच्या घरात माळ्यावरची तांब्याची भांडी खाली उतरतात. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथल्या खाऱ्या वाऱ्यात तांबं उजळ राहील कसं? घंगाळ काळवंडलेलं, कळशीच्या गळ्याशी हिरवं जंगाल.

आते पडवीच्या पायरीवर बसते. कोकमाची दमट सोलं, मूठभर जाडं मीठ. ती लगेच घासत नाही. आधी नुसतं फासते आणि थांबते. काळा थर तपकिरी होतो, मग जागोजागी सुटतो आणि खालून गुलाबी तांबं डोकावतं. मी आपला जोर लावून घासतच होतो, तेव्हा ती म्हणाली, "मेल्या, आता पुरे. आंबट ऱ्हवला तर ता खायत ऱ्हवतला." लगेच पाणी, मग राख, मग ऊन.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी हेच करतो, फक्त माझी भांडी डोळ्यांना दिसत नाहीत. मोरचुदाच्या पाण्यात कॉस्टिक सोडा टाकला की निळा, दह्यासारखा साका बसतो. सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचा निळा रंग ज्यांनी पाहिलाय, त्यांना तो ओळखीचा वाटेल. त्यात क जीवनसत्त्वाचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. निळा जातो, पिवळा येतो, पिवळ्याचा नारिंगी, कधी विटकरी. हे क्युप्रस ऑक्साइड. कण बारीक असेल तर पिवळट, वाढला की तांबूस. दोनशे नॅनोमीटरचे अडीच हजार कण ओळीने मांडले, तर देवबागच्या किनाऱ्यावरचा अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा एक कण भरेल.

आकार मात्र आपण कोरत नाही. स्फटिकाच्या सगळ्या बाजू सारख्या वेगाने वाढत नाहीत. जी भरभर वाढते ती बाजू आक्रसत जाऊन नाहीशी होते आणि रेंगाळणारी शेवटी उरते. पीव्हीपी नावाचं पॉलिमर अष्टफलकाच्या त्रिकोणी बाजूंना जास्त घट्ट चिकटतं आणि त्यांची वाढ रोखून धरतं. म्हणून ते कमी असेल तर घन मिळतात, वाढवत नेलं की कोपरे छाटलेले दाणे आणि शेवटी अष्टफलक. छापील लेखांत हे दाणे कवायतीला उभे असल्यासारखे दिसतात. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा बाजार भरलेला असतो.

खरी गंमत त्यानंतरची. छाटलेले दाणे सौम्य आम्लात ठेवायचे. त्रिकोणी बाजूंवर पीव्हीपीचं पांघरूण, चौकोनी उघड्या. आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून उघड्या बाजूने आत शिरतात आणि दाणा पोखरत नेतात. वेळेवर धुऊन काढलं तर हातात पोकळ पिंजरा येतो, विसरलात तर नुसतं निळसर पाणी. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तेही असंच: झाकलेलं वाचतं, उघडं विरघळतं. 'सिलेक्टिव्ह एचिंग'पेक्षा 'कळकणं' मला जास्त नेमकं वाटतं, पण प्रबंधात ते कोण चालवून घेणार!

दुपारी खाडीकडे गेलो. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपली होती, तरी एक होडी अजून उपडी होती आणि तिच्या तळाला विटकरी रंग लागत होता. तळाला लावायच्या अशा रंगांत बहुधा हेच क्युप्रस ऑक्साइड असतं. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड ते हळूहळू विरघळवतं आणि सुटणारं तांबं बार्नॅकलच्या पिल्लांना तळाला घर करू देत नाही. म्हणजे इथे आम्ल नको, घड्याळ नको. समुद्रच महिनोन्‌महिने खात बसतो आणि त्याने खावं यासाठीच पैसे मोजलेले असतात. फार भरभर विरघळला तर रंग हंगामाआधीच संपणार, फार सावकाश विरघळला तर तळ खरखरीत होणार आणि डिझेल जास्त जळणार. सुटलेलं तांबं खाडीत कुठे साठतं, हा हिशेब मात्र रंगाच्या डब्यावर नसतो.

घरी आलो तर कळशी ओट्यावर चकाकत होती. मी ती उचलून देवघरात नेऊन ठेवली. दिवेलागणीला पाहतो तर तिच्या पोटावर माझ्या बोटांचे ठसे, तपकिरी, एकेक रेघ मोजावी असे. आतेने ते पाहिले, काही बोलली नाही. सोलांचं वाडगं माझ्याकडे सरकवलं.