शिरस्त्राण आणि घरची शिस्त

१९३५ सालच्या मे महिन्याच्या १३ तारखेस, ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत मोटारसायकलीवरून घरीं परतत होता. तार करण्यासाठीं तो जवळच्याच टपालकचेरींत गेला होता. अंतर दोन मैलांहूनहि कमी. सायकलीवरून जाणारीं दोन मुलें अकस्मात् समोर दिसलीं. त्यांना वांचविण्याच्या प्रयत्नांत तो गाडीवरून फेकला गेला आणि मस्तकास झालेल्या दुखापतीनें सहा दिवसांनीं त्याचा अंत झाला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें.

त्याच्या उपचारार्थ आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे निष्णात शस्त्रवैद्य होते. पुढें दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं लष्कराच्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ सालीं शिरस्त्राणाची आवश्यकता निबंधरूपानें मांडली. त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या स्वारांना तें सक्तीचें केलें. त्यानंतर जगभर झालेल्या संशोधनाचा एकत्रित निष्कर्ष असा कीं, शिरस्त्राणामुळें अपघातांत मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्यास इजा होण्याचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो.

ह्याचें कारण सरळ आहे. डोकें रस्त्यावर आपटतें तेव्हां कवटी एकदम थांबते. परंतु आंतील मेंदू पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊन तिच्यावर आदळतो. शिरस्त्राणाच्या कठीण कवचाखालीं थर्मोकोलसारखें जाड अस्तर असतें. आघात होतांच तें चेपतें आणि डोकें थांबण्यास क्षणाचा अंश अधिक मिळतो. तेवढ्यानेंच प्राण वांचूं शकतात. चेपलेलें अस्तर पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. म्हणून अपघातांत सांपडलेलें शिरस्त्राण, वरून धड दिसलें तरी, टाकून द्यावें. हनुवटीखालचा पट्टा सैल असल्यास तें ऐन वेळीं उडून जातें. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत तें पट्ट्यानें घट्ट बांधलेलें असावें असें स्पष्ट म्हटलें आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांत हें बहुधा ठाऊक असतें. तरीहि शिकवणीस निघालेला मुलगा शिरस्त्राण कोपरांत अडकवितो, केस विसकटतील म्हणून मुलगी तें डिकींत ठेवते, आणि आईच म्हणते, “कोपऱ्यावरच तर जायचें आहे!” लॉरेन्सहि दूर गेला नव्हता. पुण्यासारख्या शहरांत तर सक्तीविरुद्ध वेळोवेळीं चळवळी झाल्या. उकाडा, घाम, मानेवरील ओझें ह्या तक्रारी खोट्या नव्हेत. पण मेंदूच्या दुखापतीपुढें त्यांचें मोल तें किती?

कित्येकदां तर मुलाच्या हातीं गाडी येते तीच बेकायदा. १६ व्या वर्षीं परवानगी मिळते ती केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीची. नेहमींच्या स्कूटरसाठीं १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

परंतु दंडाच्या भीतीनें घातलेलें शिरस्त्राण चौकांतील पोलीस दृष्टिआड होतांच उतरतें. वडील वाण्याच्या दुकानापर्यंत बोडक्या डोक्यानें जात असतील, तर मुलास केलेला उपदेश व्यर्थ होय. घरांत गाडीची किल्ली व शिरस्त्राण एकाच खुंटीवर असावें, मागें बसणाऱ्यासाठीं दुसरें असावें, आणि एकास हात लावल्यावांचून दुसरें उचलूं नये. अंतर कितीहि थोडें असो, हा नियम मोडूं नये.