आमिष योग्य थरात : डाउनरिगरची मांडणी आणि वापर

कामगंध सापळ्याचे पहिले सूत्र असे की, आमिष कितीही प्रभावी असले तरी ते पतंगाच्या वावराच्या पातळीवर नसेल, तर सापळा रिकामा राहतो. म्हणूनच गुलाबी बोंडअळीसाठी लावलेला सापळा कपाशीच्या शेंड्यापेक्षा सुमारे एक फूट उंच ठेवावा आणि पीक वाढेल तसा वर घ्यावा, अशी शिफारस केली जाते. पाण्याखाली हा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तेथे मासाही दिसत नाही आणि आमिषही दिसत नाही. चालत्या होडीमागे गळ ओढून मासेमारी करताना आमिष ठरावीक खोलीवर नेऊन तेथेच राखणारे साधन म्हणजे डाउनरिगर.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. गळ ओढण्याच्या या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. मोठे जाळे ओढून केल्या जाणाऱ्या ट्रॉलिंगशी तिचा संबंध नाही.

गरज कशी निर्माण झाली?

अमेरिकेतील मिशिगन सरोवरात एलवाइफ या लहान, परक्या माशाची बेसुमार वाढ झाली होती. त्याला खाणारा भक्षक म्हणून मिशिगन राज्याने 1966 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील कोहो सॅमनची पिले नद्यांत सोडली. पुढील वर्षी चिनूक सॅमनही सोडण्यात आला. कीटकशास्त्राच्या परिभाषेत हे जैविक नियंत्रणच होते. सॅमन झपाट्याने वाढले, परंतु उन्हाळ्यात ते पृष्ठभागाजवळ मिळेनासे होत. सॅमनला साधारण 10 ते 13 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. वरचे पाणी तापले की मासे खालच्या थंड थराकडे जातात. उबदार आणि थंड पाण्याच्या मध्ये, जेथे थोड्याच खोलीत तापमान वेगाने उतरते, त्या थराला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याच्या आसपास भक्ष्य आणि भक्षक दोन्ही आढळतात. दोरीला शिशाचे वजन बांधून आमिष तेथवर नेता येते, पण मासा लागल्यावर ते वजनही त्याच्यासोबत ओढावे लागते. डाउनरिगरने वजन आणि गळाची दोरी वेगळी केली. या साधनाचा प्रसार सॅमनच्या मासेमारीबरोबर झाला.

साधनाचे भाग

डाउनरिगरमध्ये हाताने किंवा विजेवर फिरणारे रीळ, ब्रेक, होडीबाहेर डोकावणारा दांडा, पोलादी किंवा विणलेली मजबूत तार, किती तार सुटली हे दाखवणारा मोजक आणि तारेच्या टोकाला साधारण 4 ते 5 किलोग्रॅमचा गोळा असतो. गोळ्याजवळ एक चिमटा असतो. गळाची दोरी या चिमट्यात धरली जाते आणि मासा लागताच ती सुटते. त्यामुळे मच्छीमाराच्या हाती केवळ गळ आणि मासा राहतो.

मांडणी

1. बैठक होडीच्या मागच्या भागात, काठाच्या भक्कम जागी बोल्टने बसवावी. काठ पातळ असल्यास खालून धातूची आधारपट्टी द्यावी. गोळा तळात अडकल्यास संपूर्ण होडीचा ओढा या बैठकीवर येतो.

2. तार इंजिनाच्या पंख्यापासून दूर राहील अशी दांड्याची दिशा ठेवावी.

3. गळकाठी ठेवण्याची नळी रिळाजवळ, हात सहज पोहोचेल अशी असावी.

4. गोळा पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून मोजक शून्यावर आणावा. हे राहून गेल्यास पुढील प्रत्येक नोंद चुकते.

वापर

सॅमनसाठी होडीचा वेग साधारण ताशी 3 ते 5 किलोमीटर ठेवतात. प्रथम आमिष होडीलगत पाण्यात धरून ते त्या वेगाला नीट हलते का, हे पाहावे. नंतर 5 ते 20 मीटर दोरी मागे सोडावी, ती चिमट्यात अडकवावी आणि ब्रेक हळूहळू सैल करत गोळा खाली न्यावा. या वेळी गळकाठीचे रीळ दोरी सोडत राहील इतके सैल हवे. अपेक्षित खोली येताच ब्रेक आवळावा आणि सैल दोरी गुंडाळून काठी चांगली वाकवून ठेवावी. मासा लागून चिमटा सुटला की वाकलेली काठी उसळते व सैल दोरी ताणून घेते.

मोजकाचा आकडा म्हणजे खोली नव्हे. पाण्याच्या रेट्याने गोळा मागे सरतो आणि तार तिरपी होते. 30 मीटर तार सुटली असताना ती उभ्या रेषेशी 15 अंशांचा कोन करत असेल, तर खोली सुमारे 29 मीटर भरते. 30 अंशांना ती 26 मीटर आणि 45 अंशांना केवळ 21 मीटर उरते. तार वर अधिक तिरपी व खाली कमी तिरपी असल्याने प्रत्यक्ष खोली याहून थोडी जास्त असते. कोन फार वाढल्यास वेग कमी करावा किंवा गोळा जड घ्यावा.

चिमट्याची पकड फार घट्ट असल्यास लहान मासा लागूनही दोरी सुटत नाही आणि तो बराच वेळ ओढला जातो. काठीच्या टोकाच्या बारीक थरथरीकडे म्हणूनच लक्ष ठेवावे.

सावधगिरी

गोळा तळापासून किमान 3 मीटर वर ठेवावा. तो अडकल्यास प्रथम ब्रेक सैल करावा, इंजिनाचा गिअर काढावा आणि मगच सोडवण्याचा प्रयत्न करावा. तार कापण्याची पक्कड हाताशी हवी. तार हाताला गुंडाळू नये. होडी लहान कोनात वळवू नये. गोळा वर घेताना एकाने होडी सांभाळावी, दुसऱ्याने गोळा धरावा. झोका घेणारा गोळा होडीला आणि माणसाला इजा करतो.

आपल्याकडे उपयुक्तता

खरेदीपूर्वी माशाची सवय तपासणे महत्त्वाचे आहे. जलाशयांतील रोहू, कटला आणि मृगळ हे मासे धावत्या आमिषाचा पाठलाग करणारे शिकारी नाहीत. त्यांच्यासाठी हा खर्च व्यर्थ ठरेल. समुद्रातील सुरमई मात्र शिकारी आहे. तिच्याच प्रजातिगटातील किंग मॅकरेलसाठी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर डाउनरिगर वापरला जातो. सुरमई पृष्ठभागाजवळ मिळत असेल तेव्हा साधा ओढता गळ पुरतो. ती खाली गेल्यावरच या साधनाचा विचार करावा. उथळ किंवा खडकाळ तळावर गोळा गमावण्याचा धोका अधिक असतो. मासेमारीचा परवाना व बंदीकाळ यांचे स्थानिक नियम प्रथम पाहावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात मच्छीमारांना एक वही ठेवण्यास सांगावे. प्रत्येक माशासोबत वेळ, सुटलेली तार, तारेचा कोन, वेग आणि शक्य असल्यास पाण्याचे तापमान लिहावे. गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आढळल्यावर आपण उपाय योजतो, कारण तो निर्णय नोंदीवर उभा असतो. मासा कोणत्या थरात आहे, हेही काही फेऱ्यांच्या नोंदींतून स्पष्ट होऊ लागते. त्या थरात आमिष नेणे आणि तेथेच राखणे एवढेच डाउनरिगरचे काम आहे. थर कोणता, हे ठरवण्याचे काम मच्छीमाराच्या वहीचे आहे.