आठ कोअर, एक मेकफाइल

लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला लावलं की टर्मिनलवर ‘सीसी’ने सुरू होणाऱ्या ओळी येऊ लागतात. बहुतेक प्रत्येक ओळ म्हणजे एक सी फाइल. नुसतं ‘मेक’ म्हटलं तर ओळी एकेक करून सरकतात. शेजारी एचटॉप, म्हणजे प्रत्येक कोअरचा भार पट्टीने दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून पाहावं तर आठांतला एकच कोअर राबतोय, बाकीचे सात रिकामे. ‘मेक -जे८’ म्हणा, म्हणजे एकदम आठ कामं चालवायला सांगा, की आठही पट्ट्या शंभर टक्क्यांना टेकतात. पंख्याचा आवाजसुद्धा बदलतो.

हे जमतं, कारण सी भाषेत प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होते. कोण कोणावर अवलंबून आहे त्याची यादी मेकफाइलमध्ये असते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं ते बदललेल्या फाइलींपुरतंच काम पुन्हा व्हावं म्हणून. समांतर कामाची वाटणीही त्याच यादीवरून होते.

पण यादीच अपुरी असेल तर? एखादी हेडर फाइल बिल्ड चालू असतानाच तयार होते आणि ते मेकफाइलमध्ये कुणी नोंदवलेलंच नसतं. एकेक काम चालतं तोवर क्रमाच्या कृपेने सगळं निभावतं. आठ कामं एकदम सुटली की पुरण शिजण्याआधीच पोळ्या लाटायला घेतल्यासारखं होतं: ‘फाइल सापडली नाही’. वैताग म्हणजे पुन्हा चालवलं की बिनबोभाट पार पडतं. तोवर हेडर आलेली असते ना! अशा वेळी ‘-जे१’ लावून मोकळं होणारे बरेच भेटतात. मला तो पळपुटेपणा वाटतो. ग्नू मेकच्या ४.४ आवृत्तीपासून ‘शफल’ हा पर्याय आहे. तो कामांचा क्रम मुद्दाम पिसतो आणि असल्या लपलेल्या चुका उघड्या पाडतो.

‘जे’पुढे आकडाच न देणं हा आणखी एक आततायीपणा. मग मेक कामांवर मर्यादाच ठेवत नाही. सी++च्या टेम्प्लेटांनी भरलेल्या फाइलींना तर एकेका प्रोसेसला गीगाबाइटभर मेमरी सहज लागते. मेमरी संपली की मशीन स्वॅपमध्ये रुततं, नाहीतर कर्नल कंपाइलरलाच मारून टाकतं.

शेवटी लिंकिंग. सगळ्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडायच्या, आणि तिथे एचटॉपमध्ये पुन्हा बहुधा एकच पट्टी उभी राहते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब हाच: दहा टक्के काम वाटता येत नसेल, तर कितीही कोअर लावा, वेग दहापटीपलीकडे जाणार नाही. तेव्हा सोळा कोअरचं मशीन घेण्याआधी एकदा बिल्ड संपेपर्यंत एचटॉपसमोर बसा आणि किती वेळ एकच पट्टी उभी राहते ते मोजा.